आंब्यावरचा गोवर

काशीदच्या आमच्या वाडीत एका जुन्या रायवळ आंब्यावर वटवाघळांची वस्ती आहे, आणि दिवसभर उलटं लटकून ती जी भांडणं करतात त्यांवरून निम्म्या गावाला मी त्यांचं सोयरं ठरवून टाकलंय. मुरूडची अनम, मुंबईत विषाणूंचा अभ्यास करणारी पोर, महिनाभर त्या झाडाखाली प्लास्टिक अंथरून त्यांचं मूत गोळा करत होती, तेव्हा मी रोज विचारायचो, "काय बाय, अत्तर उतरलं का?" ती हसायची. एक दिवस मात्र हसली नाही.

"तात्या, नवीन विषाणू सापडलाय. आपल्या गोवराच्या भाऊबंदांतला. माणसाला होतो असं दिसलेलं नाही, पण झाडाखाली बसू नका."

माझी जीभ आवरेल असा मास्तर सातवीपर्यंत तरी भेटला नव्हता. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "कुमुद, ऐकलंस का? आपल्या गौरीचा गोवर आंब्यावर राहायला आलाय."

गौरी आमची एकुलती एक. पाच वर्षांची असताना गोवरानं गेली, त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिच्यावरून मी कधी थट्टा केली नव्हती. त्या दिवशी तोंडून कशी गेली, कोण जाणे.

कुमुद रडली नाही. तिनं तापलेल्या तेलाची कढई खाली उतरवली, कारण गोवराच्या घरात फोडणी देत नाहीत. मग आंब्याला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि खाली चटई टाकून बसली, ती चार दिवस उठली नाही. दिवसाकाठी दोन घोट पेज. अंगात कणकण, डोळे लालभडक. मी हाताला धरून ओढलं, पण ती काडीएवढी बाई जागची हलेना.

पाचव्या सकाळी मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "चुकलो गं. मस्करी होती ती. चल घरात, तू पण गेलीस तर मी कुणाची थट्टा करू?"

"ठाऊक आहे," कुमुद म्हणाली. "गौरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबा थट्टा करतायत म्हणून." आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

मी वर पाहिलं. सगळी वटवाघळं कुंपणापलीकडच्या फणसावर जाऊन गप्प लटकली होती, आजाऱ्याच्या घरापासून शेजारी राहतात तशी, लांब. आंबा रिकामा होता. फक्त कुमुदच्या डोक्यावरची एक फांदी ओझ्यानं खाली वाकली होती, आणि कुमुद तिला एका हातानं हलकेच झोका देत होती.