एकाच घरात बिघडणारा डबा

मित्रांनो, दातिवऱ्यात मला सगळे बीपीचा डबा म्हणतात. मी रक्तदाब मोजणारं एक जुनं यंत्र आहे. माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. ते खोक्यावर लिहिलेलं होतं आणि खोकं पहिल्याच वर्षी उंदरांनी कुरतडलं. एवढं आठवतं, की कुंभवलीला एका कारखान्याने आरोग्य शिबिर भरवलं होतं आणि तिथे आसपासच्या आशाताईंना एकेक यंत्र वाटलं होतं. मी स्वातीताईंच्या पिशवीत पडलो आणि त्यांच्याबरोबर या गावात आलो.

सहा वर्षं मी मान मोडून काम केलं. स्वातीताई दंडाला पट्टा गुंडाळायच्या, बटण दाबायच्या, मी गुरगुरत हवा भरायचो आणि पडद्यावर आकडे उमटायचे. वरचा एक, खालचा एक. ताई ते वहीत लिहून घ्यायच्या. डब्याचा शब्द खरा, असं म्हातारी माणसं म्हणायची आणि मी हुरळून जायचो. स्तुती कुणाला नको असते?

माझ्यात आणखी एक गुण होता, त्याची मात्र कुणी दखल घेतली नाही. हृदयाचे ठोके ताल सोडून पडू लागले, की माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात पत्त्यांतल्यासारखा एक लहानसा बदाम लुकलुकतो. त्याचा अर्थ माहितीपत्रकात दिला होता. माहितीपत्रक खोक्यात होतं आणि खोक्याचं काय झालं ते मी सांगितलंच.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही पुष्पलताबाईंकडे गेलो. पुष्पलताबाई मासळी विकायच्या. बाजाराच्या या टोकाला त्यांनी भाव सांगितला, की त्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं, असा त्यांचा आवाज. त्या दिवशी मात्र त्या ओटीवर बसूनच होत्या. ताईंना म्हणाल्या, "छातीत मासोळी तडफडल्यागत होतंय गो. पाटी उचलली की दम लागतो."

मी पट्टा फुगवला आणि कान लावला. एक ठोका आला. मग दोन घाईघाईने आले. पुढचा किती वेळ आलाच नाही. अशा ठोक्यांवर आकडा कसा धरायचा? पहिल्यांदा वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न आला, दुसऱ्यांदा एकशे सोळा, तिसऱ्यांदा तर मला काही लावताच येईना. पण तिन्ही वेळा मी बदाम लुकलुकवला.

पुष्पलताबाईंचे यजमान कमलाकांत शेजारीच उभे होते. पूर्वी ते बोट चालवणारे तांडेल होते. खाऱ्या हवेने खाल्लेली इंजिनं, पंखे, सायकली दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे बिघाड म्हटला की त्यांना एकच कारण सुचायचं. ते म्हणाले, "खारी हवा लागली याला. हितं लोखंड टिकत नाय, हा डबा काय टिकनार?" ताईंना वाटलं सेल उतरले असतील. नवे सेल घातले. बदाम लुकलुकतच राहिला.

तिथून आम्ही शेजारच्या बायडीमावशींकडे गेलो. त्यांचे आकडे मागच्या महिन्यासारखेच आले आणि बदामही दिसला नाही. ताई क्षणभर थबकल्या. माझा जीव भांड्यात पडणार होता. खाऱ्या हवेने बिघडलेला डबा सगळ्याच घरांत बिघडेल, एकाच घरात कसा बिघडेल? पण ताईंना अजून चौदा घरं करायची होती. त्या उठल्या.

पुढच्या महिन्यात पुष्पलताबाईंकडे पुन्हा तेच झालं. ताईंनी वहीत 'मशीन खराब' असं लिहिलं. कमलाकांतांनी मला मागून घेतलं, पाठीवरचे स्क्रू काढले आणि अंगणात बोंबील सुकवायच्या मांडवाखाली उन्हात ठेवलं. दोन-चार दिवस सुकला की चालेल, असं म्हणाले.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हृदयाचा ताल चुकला, की त्याच्या वरच्या कप्प्यातलं रक्त नीट पुढे सरकत नाही. ते साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी मेंदूकडे गेली आणि नसेत अडकली, तर माणसाचं अर्धं अंग जातं. पुष्पलताबाई दिवसभर माझ्यासमोरून ये-जा करत होत्या आणि मला बोंब मारायला तोंड नव्हतं. सेलसुद्धा काढून ठेवलेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी त्या बोंबील टांगत होत्या. उजव्या हातातून बोंबील गळून पडले. त्या वाकल्या आणि वाकलेल्या तशाच खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. हाक मारायला गेल्या तर शब्द उमटेना. बायका धावल्या. अंगावरून वारं गेलं, असं कुणी म्हणालं. मग तेल तापवून हात चोळणं सुरू झालं. त्यात दोन तास गेले. एकेक मिनिट मोलाचं असताना दोन तास गेले. मग कुठे जीप आली आणि त्यांना पालघरला नेलं.

नंतर स्वातीताई अंगणात आल्या. पालघरच्या डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं होतं. ठोक्यांचा हा दोष वेळेवर कळला असता, तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी झाला असता. ताईंनी मला उचललं, स्क्रू आवळले, सेल घातले आणि पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आकडे सारखे आले.

"काका, डबा चांगला होता," ताई कमलाकांतांना म्हणाल्या. "मला कळायला पाहिजे होतं."



पुष्पलताबाई घरी आल्या त्या एकच शब्द घेऊन. भूक लागली का विचारलं तर त्या 'नाय' म्हणतात आणि ताटातलं सगळं जेवतात. पाणी हवं का, नाय. आणि घटाघटा पितात. आता कमलाकांत त्यांना गोळ्या वेळेवर देतात. ताईंनी मला इथेच ठेवलंय, मी रोज पुष्पलताबाईंच्या डाव्या दंडावर असतो. परवा पट्टा सोडता सोडता कमलाकांतांनी विचारलं, "माझ्यावर राग हाय तुझा?"

"नाय," त्या म्हणाल्या.

ते उत्तर होतं की उरलेला शब्द, हे कमलाकांतांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. त्यांनी माझा पट्टा नीट गुंडाळून ठेवला.

मित्रांनो, मला जोडायला हात नाहीत, तरी विनवतो. घरातल्या वयस्कर माणसाच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पुरतं मिनिटभर ठोके बघा. ताल सोडून पडत असतील, तर यंत्राला नावं ठेवत बसू नका, त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. त्याला बोलता येतंय तोवर न्या.