जाईलोसीमामाचा होकार

झिओनेचं बाळ पोटात आडवं आलेलं, गर्भपाणी कधीच वाहून गेलेलं. डॉक्टर कामतुकुले हात धुऊन उभे, आणि ही बाई टेबलावर चढायला तयार नाही.

"मामा हो म्हणाल्याशिवाय पोट कापायचं नाही," ती कण्हत म्हणाली.

"अगं, पोट तुझं की मामाचं?"

"पोट माझंच, सिस्टर. पण मी गेले तर पोरांना कोण बघणार? मामाच ना?"

आम्हा चेवा लोकांत नवरा म्हणजे पाहुणा. घर चालतं ते मामाच्या शब्दावर. आणि मामा गेलेला गावातल्या एका मयताची कबर खणायला. त्या कामावर कुणी फोन नेत नाही.

मी मिशनची मोटरसायकल काढली. प्रेत येईपर्यंत बाईने कबरस्तानाच्या झाडीत पाऊल टाकायचं नाही, असं आईने मला बजावलेलं. मी सरळ आत घुसले. कुदळी थांबल्या.

"नालेसोबाई, दंड पडेल. एक कोंबडी," त्यांचा म्होरक्या म्हातारा बिलियाती म्हणाला.

"दोन घ्या. जाईलोसीमामा कुठायत?"

मामा कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. मी सगळं सांगितलं. तो वर येईना.

"झिओनेच्या आईलाही असंच कापायला नेलं होतं तुमच्याकडे," तो म्हणाला. "माझी बहीण. माझ्याच सायकलला बांधून परत आणली तिला."

माझं डोकं सणकलं. तिकडे पोर मरतेय आणि हा जुनं उगाळत बसलाय.

"आणि तेव्हा होकार कधी दिला होतात, मामा?"

त्याने कुदळीवरची माती अंगठ्याने खरवडली. मग हळूच म्हणाला, "अंधार पडताना. दिवसभर विचार करत बसलो होतो."

मामाने कुदळ टाकली, वर चढला, बिलियातीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्या मागे येऊन बसला.

दवाखान्यात पोचल्यावर दारातूनच तो झिओनेला म्हणाला, "जा, बाळा. कापू दे."

पोरगी निघाली ती निळीसर, लुळी. मी तिच्या तोंडातलं पाणी ओढून काढलं, पाठ चोळली. काही नाही. झिओनेचं रक्त थांबत नव्हतं. खिडकीतून बाहेर पाहिलं तर खणणारे सगळे खांद्यावर कुदळी टाकून अंगणात शिरत होते. मी पुन्हा चोळू लागले, देवाला शिव्या देत. आणि पोरगी रडली. मग डॉक्टर म्हणाले, "थांबलं रक्त."

बाहेर मामा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"यांना कोणी बोलावलं?" मी विचारलं.

"मीच. तिकडचं आटोपलं की इकडे या म्हणालो. मागच्या वेळी मी एकटाच होतो."

"मायलेकी दोघी सुखरूप आहेत, मामा."

त्याने मातीने भरलेले हात तोंडावर घेतले आणि हुंदके देऊन रडला. बिलियातीने कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"चला रे, इथं आपलं काम नाही," तो म्हणाला. "बाई, कोंबड्या मात्र दोन."