लिबेरोसाठी हजर

ऐक ना, मध्ये एक शब्द बोलू नकोस, नुसतं ऐक. त्या पिएत्राकावा गावात दर नोव्हेंबरात एका रविवारी सगळे दफनभूमीच्या भिंतीपाशी जमतात. महापौरबाई सात नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला त्या त्या घरातलं कुणीतरी मोठ्याने ‘हजर!’ म्हणतं. चव्वेचाळीस साली डोंगरात लढणाऱ्या पोरांनी पूल उडवला होता ना, त्याचा सूड म्हणून फॅसिस्टांनी त्यांच्यातली सात पोरं पकडून त्याच भिंतीपाशी उभी केली आणि गोळ्या घातल्या. तेव्हापासून हे असं चालत आलंय.

त्या सातांतला एक लिबेरो. त्याच्या घरातलं आता कुणी म्हणजे कुणी उरलं नाही, फक्त धाकटी बहीण, आर्जामावशी. नव्वदी ओलांडलेली. यंदा उन्हाळ्यात तिला झटका आला, डावा हात गेला आणि आवाज इतका बसला की तिचं बोलणं ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मग आता लिबेरोचं उत्तर कोण देणार?

तर एका सकाळी समोरच्या घरातला नेव्हियो तिची लाकडं फोडून आत आणून रचत होता. रोजचंच काम त्याचं. मावशीने त्याला बोटाने जवळ बोलावलं आणि म्हणाली, “रविवारी लिबेरोचं उत्तर तू द्यायचंस.”

नेव्हियोच्या हातातलं लाकूड सटकून पायावर पडलं. कारण त्याचे आजोबा आटिलियो त्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांतलेच. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण तोंडावर कुणी काढत नाही. त्या रविवारी नेव्हियोच्या घराच्या खिडक्या सकाळपासून बंद असतात. त्याने जन्मात तो कार्यक्रम पाहिलेला नाही, नुसता बँड ऐकलाय, तोही पांघरुणात डोकं खुपसून.

“मावशी, मी? अहो, मी आमच्या घरातला…”

“कुठल्या घरातला ते मला नको सांगूस. लाकडं रच.”

बाहेर पडला तेव्हा पोराचे पाय जमिनीवर नव्हते. त्याला वाटलं, झालं, सुटलो! मावशीने माफ केलं, म्हणजे गावाने केलं. त्याच भरात तो बारमध्ये गेला आणि सांगून बसला. तिथे ओरेस्तेकाका पत्ते खेळत होते. त्यांचा काका त्या सातांतलाच.

“वा रे वा,” काका पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाले. “आधी मारायचं, मग त्यांच्याच जागी उभं राहून हजेरी द्यायची. पुढच्या वर्षी भाषणही तूच कर. आणि हो, आजोबांचा शर्ट असेल पेटीत, तो इस्त्री करून घाल.”

“मी जन्मलो पण नव्हतो, काका.”

“लिबेरो तरी कुठे म्हातारा झाला होता!”

घरी बातमी त्याच्या आधीच पोचलेली. बाबा, म्हणजे गुइदो, तसे शांत माणूस, आवाज चढवणं ठाऊकच नाही. ते चेस्टनट सोलत बसले होते. म्हणाले, “म्हातारीचं डोकं फिरलंय. तुझं तर शाबूत आहे ना? आयुष्यभर मान खाली घालून मी या घराची इज्जत सांभाळली. तू एका शब्दात ती चव्हाट्यावर मांडणार.”

शनिवारी नेव्हियो मावशीकडे गेला. नाही म्हणून सांगायचं ठरवूनच गेला होता. सूप भरवता भरवता म्हणाला, “मावशी, तुम्ही माफ केलंत हेच मला पुष्कळ आहे. पण लोकांना…”

मावशीने चमचा बाजूला सारला. “माफ? कुणी सांगितलं तुला?”



“त्या दिवशी मी खिडकीत होते,” ती म्हणाली. नेव्हियो अगदी वाकून ऐकत होता, तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. “बाहेरून आलेल्या शिपायांना आमची पोरं काय ओळखू येणार? एकेकाचं नाव घ्यायला गावातला माणूस लागला. आटिलियो. लिबेरोबरोबर एका बाकावर बसून शिकलेला. तो नाव घ्यायचा आणि पोरगा हजर म्हणून पुढे व्हायचा. शाळेत करतात तसं.”

“हे… हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुझ्या बापाला माहीत आहे. ओरेस्तेला नाही. खिडकीत आम्ही दोघी-तिघी होतो, बाकीच्या गेल्या. तुझ्या घरातून ते नाव एकदा निघालंय, नेव्हियो. त्याचं उत्तरही तुझ्याच घरातून यायला हवं. दर वर्षी. तू जिवंत आहेस तोवर.” मग तिने मान वळवली. “सूप गार झालं.”

म्हणजे बघ! ज्याला तो बक्षीस समजत होता ती शिक्षा निघाली. आणि गुन्हा त्याचा नाहीच.

रविवारी त्यानेच तिची चाकाची खुर्ची ढकलत चढावर नेली. सगळ्यांनी वाट दिली, पण नमस्कार कुणी केला नाही. बँड थांबला. महापौरबाईंनी एकेक नाव घेतलं, एकेक हजर आलं, ओरेस्तेकाकांचं तर भिंत हादरेल असं. मग बाई म्हणाल्या, “लिबेरो साल्वाटेर्रा!”

  कसंबसं नेव्हियो म्हणाला, “हजर.”

“ऐकू आलं नाही!” ओरेस्तेकाका.

आणि तेवढ्यात मागून, फाटकाकडून आवाज आला. “बस्स झालं, नेव्हियो. चल घरी.” बाबा! त्या रविवारी जो माणूस कधी दाराबाहेर पडला नव्हता, तो घरातल्या चपलांवर चढ चढून आला होता. पांढराफटक चेहरा. विनवत होता तो, रागावलेला नव्हताच. सगळं गाव मान वळवून एकदा बापाकडे बघतंय, एकदा पोराकडे. आणि आर्जामावशी? ती सरळ भिंतीकडे बघत होती. जणू तिचा कुणाशीच संबंध नाही.

नेव्हियोने मागे वळून पाहिलं नाही. “हजर!” असा ओरडला की आवाज फाटला.

टाळी नाही, काही नाही. ओरेस्तेकाकांनी टोपी डोक्यावर चढवली आणि दुसरीकडे बघायला लागले. बाबा चढ उतरून निघून गेले. बाईंनी पुढचं नाव घेतलं.

त्या दिवसापासून गुइदो पोराशी बोललेला नाही. एका टेबलावर जेवतात, मीठ हवं असलं तरी मागत नाही, उठून घेतो. मावशीकडूनही शाबासकी नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, लाकडं ओली आहेत. आणि नेव्हियोने अजून कुणालाच सांगितलेलं नाही की ती नावं कुणी घेतली होती. सांगावं तर बाप गावात तोंड दाखवू शकणार नाही. न सांगावं तर दर वर्षी तो हजर म्हणणार आणि लोकांना वाटणार, पोरगा माफी मिळवून मिरवतोय.

खरं सांग, तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?