जेवणापुरती

बाटली टेबलावर जरा आपटलीच नर्मदानं. शेजारचे काचेचे पेले किणकिणले. ओर्नेला मॅडमनी मान वर करून पाहिलं. साहेबांचं तर लक्षही नव्हतं. ते पावाचा तुकडा मोडून ऑलिव्हच्या तेलात बुडवत होते. या माणसाला राग म्हणून कसा तो येत नाही, याचासुद्धा नर्मदाला आज राग आला.

आज तिला सगळ्याचाच राग येत होता. ओट्यावरच्या मोबाइलचा येत होता, कारण तो वाजत नव्हता. तिकडे चिपळूणजवळच्या गावात बसलेल्या स्वप्नालीचा, तिच्या एकुलत्या एका लेकीचा येत होता, कारण सकाळपासून तिनं एक धड निरोप पाठवला नव्हता. आणि जावयाचं तर नावच नको! मिथुन आज बायकोला परत न्यायला येणार होता. त्यानं पिरगाळून मोडलेला तिचा हात आत्ता कुठे प्लास्टरातून सुटला होता, आणि हा म्हणे काकाला, आत्याला आणि पेढ्यांच्या पुड्याला घेऊन दारात हजर होणार. नर्मदानं गल्फच्या कमाईवर बांधलेल्या घरात स्वप्नाली एकटीच राहत होती, म्हणून आज शेजारच्या अजराभाभीला सोबतीला बसवलं होतं. पण सोबत काय कामाची? पोरगीच कालपासून विचारत होती, "जाऊ का गं आये?"

जाऊ का म्हणे! नर्मदानं कढईत पास्ता टाकला आणि झारा असा काही फिरवला की दोन तुकडे गॅसवर उडाले.

अबुधाबीच्या खालिदिया भागातल्या या चौदाव्या मजल्यावर ती पाच वर्षं स्वयंपाकाला होती. घर चांगलं, माणसं चांगली. साहेब इटालियन, इंजिनिअर, साठीला आलेले. जग इकडचं तिकडे होवो, दुपारचं जेवण घरी, टेबलावर, कापड अंथरून. ऑफिसच्या दिवशी ड्रायव्हर यूसुफ त्यांना घेऊन यायचा आणि जेवण झालं की परत न्यायचा. आणि जेवणाबरोबर वाइन. रोज! सण नाही, पाहुणा नाही, पगार झालेला नाही, कुणी मेलेलं नाही, तरी रोज.

पहिल्या दिवशी ती बाटली पाहून नर्मदा दोन पावलं मागेच सरली होती. नवऱ्याच्या दारूत तिचा सगळा संसार गेलेला. नंतर तो काविळीनं गेला आणि ती पोट भरायला इकडे आली, तर इथेही हेच पुढ्यात! तिच्या हातांनी मग त्यांना येत होतं ते केलं. सुऱ्या खालच्या खणात सारल्या, जड तवा दिसणार नाही असा ठेवला, स्वयंपाकघराचं मागचं दार किलकिलं केलं आणि पायात चपला घालून ती दाराशी उभी राहिली. बाहेर टेबलावर ते दोघं जेवत होते. मॅडम काहीतरी सांगत होत्या, साहेब हसत होते. जेवणाबरोबर एक पेला, तोही घोट घोट करत, मध्ये पाणी पीत. मग फळं खाल्ली. मग साहेबांनी बूच उचललं आणि अंगठ्यानं बाटलीत दाबून बसवलं. निम्म्याहून जास्त बाटली तशीच होती.

उरली! नर्मदानं आयुष्यात उरलेली दारू पाहिली नव्हती.

"उद्या बघू," असं ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, महिना गेला. नर्मदा रोज वाट बघत होती, की आज तरी याची जीभ अडखळेल, आज तरी ताट भिरकावेल. एकदा मॅडम बाहेर गेल्या होत्या, तेव्हा तिनं परीक्षाच घेतली. स्वयंपाकाला उशीर आहे असं दाखवून बाटली आणि पेला आधीच टेबलावर मांडला, सोबत वाटीत शेंगदाणे, चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या, घरी मांडायची तसं सगळं.

"नर्मदा, वेअर इज फूड?" साहेबांनी विचारलं.

"फूड आफ्टर, सर. फर्स्ट ड्रिंक."

साहेब खो खो हसले. "नो, नो! नो फूड, नो वाइन. वाइन इज फॉर द फूड!" आणि शेंगदाणे खात पेपर वाचत बसले. पास्ता येईपर्यंत त्यांनी बाटलीला हात लावला नाही. वर त्यांनी कौतुकानं सांगितलं, की लहानपणी आजोबा त्यांच्या पाण्याच्या पेल्यात चमचाभर वाइन टाकायचे, आणि सगळं घर एका टेबलावर जेवायचं. आजोबानंच पाजली! नर्मदानं कपाळाला हात लावला.

नाताळात पाहुणे आले तेव्हा साहेब दोन पेले प्याले. चेहरा लाल झाला, गाणंही म्हणाले. आता, आता, म्हणत नर्मदा दाराआडून बघत राहिली. साहेब उठले, चार ताटं उचलून स्वतः सिंकमध्ये आणून ठेवली, "थँक यू, नर्मदा" म्हणाले आणि जाऊन खुर्चीत झोपले. ती अशी चिडली की रात्री जेवलीच नाही.

यूसुफला तिनं हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दीदी, हराम तो हराम है. आधा गिलास क्या, पूरा गिलास क्या." तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. पण यूसुफचं बरं होतं. त्याला या बाटलीकडे बघून नवरा आठवत नव्हता.

तिची चिडचिड कशाची होती ते तिला पुरतं ठाऊक होतं, फक्त ती तिकडे वळून बघत नव्हती. तिच्या घरात एक वाक्य होतं. नवऱ्यानं मारलं की सकाळी तो पाय धरायचा. "मी नव्हतो गं, दारू होती." मग दिवसभर ती ओठ सुजलेल्या तोंडानं लेकीची समजूत काढायची. "बाबा सोन्यासारखे आहेत हो तुझे. दारूनं घात केला." नवऱ्याच्या दहाव्याला आलेल्या बायकांनाही तिनं हेच सांगितलं. फोटोला हार घालताना हेच सांगितलं. त्या एका वाक्यावर तिनं सगळा संसार रेटला होता, आणि लेकीला बाप दिला होता. स्वप्नालीला बाबा म्हटलं की अजून डोळ्यांत पाणी यायचं. आणि इथे हा परका माणूस रोज दुपारी जेवायचा, प्यायचा, बूच लावायचा, आणि ते वाक्य रोज थोडं थोडं खोटं ठरायचं. एकदा तरी याचा तोल जायला हवा होता. एक पेला जरी त्यानं भिंतीवर फोडला असता, तरी नर्मदानं काचा आनंदानं गोळा केल्या असत्या.

"नर्मदा, सॅलड प्लीज," बाहेरून मॅडमनी आवाज दिला.

तिनं सॅलड नेऊन ठेवलं. परत आली तर मोबाइल थरथरत होता. इथे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून स्वप्नाली बोटिम नावाच्या ॲपवरून करायची, आणि त्यातही निम्मं आयुष्य हॅलो हॅलो करण्यात जायचं.

"आये, आलेत ते. ओटीवर बसलेत."

"चाय दे नि पाठव परत."

"असं काय गं! माझ्या पाया पडला तो, काकाच्या समोर. ढसाढसा रडतोय. बोलतो, स्वप्ना, मी नव्हतो गं तो, दारू होती."

नर्मदानं ओट्याची कड धरली. अगदी तेच शब्द! यांना कुणी शिकवतं की काय?

"तू काय बोललीस?"

"मी काय बोलणार? खरंच आहे ना ते. बिनपिता असला की किती जीव लावतो. बाबा नव्हते का तसेच? तूच बोलायचीस ना, माणूस वाईट नाय, दारू वाईट. तू कधी टाकलंस बाबांना? मग मला का अडवतेस? मी निघते आये, ते लोक खोळं…"

फोन कट.

"हॅलो? स्वप्ना? हॅलो! यल्ला, चल, लाग की मेल्या!" नर्मदा मोबाइलवर खेकसली. परत लावला. नुसतं चाक फिरत राहिलं. परत लावला. दाराच्या फटीतून टेबल दिसत होतं. साहेब संत्रं सोलत होते आणि एकेक फोड मॅडमच्या ताटलीत ठेवत होते. पेल्यात घोटभर वाइन राहिली होती. त्यांनी पेला हातानं बाजूला सारला आणि पुन्हा संत्रं सोलायला लागले, जणू त्या घोटाचं त्यांना काही पडलेलंच नव्हतं.

काय सांगणार होती ती पोरीला? 'नको जाऊ' म्हणून तर महिनाभर सांगत होती, आणि पोरगी तिचंच वाक्य तिच्या तोंडावर मारत होती. ते वाक्य मोडलं तर पोरीचा बाप जातो. दुसऱ्यांदा जातो, आणि या खेपेला फोटोसकट. नाही मोडलं तर पोरगी जाते. आज हात, उद्या डोकं.

फोन लागला.

"बोल गं पटकन, आत्या हाक मारतेय."

"दारू नव्हती," नर्मदा म्हणाली.

"काय?"

"तुझा बाप होता तो. दारू नव्हती."

"आये! मेलेल्या माणसाबद्दल काय बोलतेस?"

"ऐकून घे. इथला साहेब रोज पितो, माझ्या डोळ्यांसमोर. पाच वर्षं झाली, बायकोवर आवाज चढवलेला नाय त्यानं."

"ती विलायती असेल. भारीतली."

"भारीतली नि हलकी! अगं, तुझा बाप गुत्त्यावर कधी कुणाशी भांडला? ऐकलंस तू? मुकादमापुढं हात बांधून उभा राहायचा, कितीही पिऊन असला तरी. वाटेत सरपंच दिसला तर नमस्कार घालायचा. घरापर्यंत सगळी शुद्ध होती त्याला. आत आला की आधी कडी लावायचा, शेजारी येऊ नयेत म्हणून. मग घड्याळ काढायचा."

नर्मदानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हातातलं घड्याळ, स्वप्ना. काच फुटेल म्हणून. आधी ते काढायचा, नि मग मारायचा मला. शुद्ध नसलेला माणूस घड्याळ जपतो?"

हे बोलून झालं. हे तिला इतकी वर्षं माहीत होतं. मार खाताना रोज डोळ्यांनी दिसत होतं. पण तोंडानं ती हे कधी बोलली नव्हती, देवासमोरसुद्धा नाही.

"स्वप्ना? आहेस ना?"

फोन कट झाला नव्हता. लांबून कोंबडीची कॉक् कॉक् ऐकू येत होती, आणि कुणाचं तरी खाकरणं.

"माझ्याकडं द्यायचे," स्वप्नाली म्हणाली.

"काय?"

"घड्याळ. माझ्याकडं द्यायचे, आये. धर, बोलायचे. मी कोपऱ्यात बसायची, दोन्ही हातांत धरून. मला वाटायचं, बाबांचा किती विश्वास माझ्यावर."

नर्मदाला हे माहीत नव्हतं. पोर झोपलेली असते असंच ती धरून चालली होती. तिला ओरडून रडावंसं वाटलं, नवऱ्याच्या नावानं शिव्या घालाव्याशा वाटल्या. गॅसवर कॉफी उतू चालली होती, तीही तिला दिसत नव्हती.

तिकडे पावलांचा आवाज आला. स्वप्नालीनं फोन बंद केला नव्हता, हातात तसाच धरला होता. ओटीवरचे आवाज जवळ आले, खुर्ची सरकल्याचा, बांगड्यांचा, मिथुनच्या हुंदक्यांचा.

"मी येत नाय," स्वप्नाली म्हणाली.

"आगो, काय बोलतेस? बाप्या माणूस पाया पडतोय तुझ्या!" हा आत्याचा आवाज. "सोडतोय ना तो दारू!"

"सोडू दे नायतर पिऊ दे. मी येत नाय."

मग एकच गलका झाला. काकाचा आवाज चढला, मिथुनचं रडणं एकदम थांबलं. तो आता आईवरून काहीतरी बोलत होता, गल्फमध्ये बसून लेकीला फितवणारी, असं काहीसं. अजराभाभी खणखणीत आवाजात कुणाला तरी ओटीवरून खाली उतर म्हणत होती.

ओर्नेला मॅडम कॉफीचं काय झालं म्हणून आत आल्या. त्यांनी एकदा नर्मदाकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. सांडलेलं पुसलं. मग कोपऱ्यातलं स्टूल तिच्यापाशी ओढलं आणि बस म्हणून खूण केली. नर्मदा बसली नाही. एका हातानं पदर तोंडाशी धरून, दुसऱ्या हातानं फोन कानाला घट्ट दाबून ती उभ्यानंच ऐकत राहिली.

गलक्यातून लेकीचा आवाज पुन्हा आला, रडवेला, चिरका.

"एकदा बोलली ना, नाय म्हणून."

नर्मदानं इथे मान डोलावली.