बंबवीराचा खोका

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. लगेच नाकं मुरडू नका. रिकामा खोका दिसला की तुम्ही दोनच गोष्टी करता. एक तर मांजराला बसायला देता, नाही तर रद्दीत टाकता. मांजर मला चालतं. रद्दीचं मात्र नाव काढू नका, कारण मी तिच्या पिशवीत पडून आलो आहे आणि तिथून वाजतगाजत बाहेर निघालो आहे. ती हकीकत सांगायलाच आज तोंड उघडलं. तसं माझं तोंड वरूनही उघडतं आणि खालूनही, पण बोलायची संधी क्वचित मिळते.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. आधी मी एक सपाट, राखाडी तुकडा होतो. मग माझ्यावर गुळगुळीत कागद चिकटवला, त्यावर लाल-पिवळ्या ज्वाळा छापल्या, पोटाला खिडकी कापली आणि खिडकीला पारदर्शक कागद लावला. एका यंत्राने माझ्या अंगावर घड्यांच्या रेघा दाबल्या. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण रेघ पडल्याशिवाय घडी सरळ येत नाही, हे पुढे मला एका मावशीकडून कळलं.

माझ्या पोटात राहायला येणार होता बंबवीर. हा वीतभर उंचीचा यंत्रमानव. त्याचे हातपाय ठरलेल्या क्रमाने दुमडले की त्याची आगीचा बंब असलेली गाडी होते, शिडीसकट. एकूण एकोणीस पायऱ्या. सगळे त्याच्याकडे बघून ‘अहाहा’ करायचे आणि मला बाजूला सारायचे. मला त्याचा राग नव्हता. बिचारा चोवीस तास माझ्याच पोटात, त्याच्यावर रागवून मी जाणार कुठे?

खेळण्यांच्या त्या कंपनीत खोक्यांवरची चित्रं काढणारी एक बाई होती. नाकावरून घसरणारा चष्मा सावरत काम करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. तिची एक खोड होती. खेळणं स्वतःच्या हाताने उलटसुलट करून पाहिल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढायची नाही. बंबवीराचंही तिने तसंच केलं आणि अकराव्या पायरीला तिचं घोडं अडलं. खेळण्यासोबत द्यायच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘खांदा दुमडा’. पण खांदा दुमडेना. तिने निरखून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. पत्रक पहिल्या नमुन्यावरून लिहिलं होतं. त्यानंतर बंबवीराचा हात लोंबू नये म्हणून खांद्यात एक बारीक खाच वाढवली होती. आता आधी कंबर अर्धी फिरवली, तरच खांदा मोकळा होत होता.

ती तडक साहेबांकडे गेली.

“साहेब, पत्रकातली अकरावी पायरी चुकली आहे. खांदा अडकणार. लोक जोर करणार आणि मोडणार.”

“अहो, पत्रकं छापून गठ्ठे बांधून झाले,” साहेब म्हणाले. “खोक्यावर काढा हवं तर.”

“समोर काढू?”

“समोर ज्वाळा आहेत. पाठीवर बाकीच्या खेळण्यांचे फोटो आहेत. आतून तळ कोरा आहे, तिथे काढा काय काढायचं ते.”

“खेळणं ठेवायच्या ट्रेखाली? तिथे कोण बघणार?”

साहेबांनी खांदे उडवले. त्यांचे खांदे काही अडकत नव्हते.

चष्मेवालीने मान खाली घातली आणि माझ्या तळावर एकोणीस चित्रं काढली. एकही रेघ घाईची नाही. अकराव्या चित्राखाली तिने लिहिलं, ‘आधी कंबर, मग खांदा. जोर नको.’ आणि शेवटच्या चित्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढा एक चष्मा काढला. मग माझ्यासारखे हजारो खोके छापले गेले. प्रत्येकाच्या पोटात खरी गोष्ट होती, आणि तिच्यावर प्लास्टिकचा ट्रे ठेवून, वर बंबवीराला तारेने बांधून, आमची तोंडं बंद केली गेली.

मित्रांनो, माहीत असून बोलता न येणं म्हणजे काय, हे मला विचारा.

तिथून मी एका मावशीच्या घरी आलो. ही मावशी पुस्तकबांधणी करायची. सुटी झालेली पानं शिवावीत, पुठ्ठे चढवावेत, कण्याला कापड लावावं, यात तिची चाळीस वर्षं गेली. मग लोकांनी पुस्तकं बांधून घेणं सोडलं आणि तिचं दुकान बंद झालं. तिच्या शेजारीच तिचा भाचा राहायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि हौस म्हणून संग्रहातल्या खेळण्यांची परीक्षणं करायचा. कॅमेरा लावून खेळणं उघडायचं, त्याचं रूपांतर करून दाखवायचं, गुण द्यायचे आणि ते सगळं इंटरनेटवर टाकायचं, असा त्याचा शिरस्ता. मावशी रिकामी बसते हे बघून त्याने एकदा तिला सोबत घेतलं. तो खेळणं तपासायचा, ती खोका.

मावशीने ते काम मनावर घेतलं. पुठ्ठा किती जाड आहे, कोपरे दबलेत का, गोंद कुठे ओघळला, घडी पुन्हा बसते का, सगळं ती सांगायची. कॅमेऱ्यात फक्त तिचे हात दिसायचे. म्हणून परीक्षणाच्या दिवशी सकाळी ती खिडकीशी बसून नखं कापायची आणि हातांना थोडं तेल लावायची. बांधणीचं दुकान गेल्यापासून तिच्या हातांना असा मान मिळाला नव्हता.

पण बघणाऱ्यांचं समाधान होईल तर शपथ! ‘आम्ही खोका बघायला आलो नाही.’ ‘आजींना आवरा.’ असं लोक लिहू लागले. भाचा ते वाचून कानकोंडा व्हायचा. भाच्याने परीक्षणासाठी आणलेला मी सीलबंद, मावशीच्या टेबलावर बसून सगळं ऐकत होतो. एके दिवशी तो म्हणालाच.

“मावशी, संमेलन झालं की खोक्याचा भाग बंद करू या का? लोक कंटाळतात गं.”

“बरं,” मावशी म्हणाली, आणि आधीच पुसलेलं टेबल तिने पुन्हा एकदा पुसलं.

मला वाईट वाटलं, मित्रांनो. फार वाईट वाटलं. तिचे हात पुन्हा रिकामे होणार होते, आणि रिकामं असणं काय असतं ते खोक्याइतकं कुणाला ठाऊक?

संमेलन म्हणजे संग्राहक मंडळाचा वर्षातला मोठा मेळावा. त्या वर्षी तिथे बंबवीराचा निवाडा व्हायचा होता. कारण घरोघरी बंबवीराचे खांदे मोडत होते आणि जो तो कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता. मंडळाची एक यादी होती, ‘घेऊ नये’ नावाची. त्या यादीत गेलेलं खेळणं पुन्हा कुणी हातात धरत नसे. सर्वांसमोर नवा खोका उघडून भाच्याने बंबवीर तपासायचा आणि मग अध्यक्षबाईंनी शिक्का मारायचा, असं ठरलं होतं. तो नवा खोका म्हणजे मीच. माझे काही भाऊ काचेच्या कपाटात न उघडता बसले होते, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत. निभावायची वेळ माझ्यावर आली.

सभागृह खचाखच भरलं होतं. टेबलाच्या वर कॅमेरा, मागे मोठा पडदा. दरवेळी खोका आधी असायचा. त्या दिवशी भाच्याने तो शेवटी ठेवला होता, तोही दोन मिनिटं. मावशी पातीने चिकटपट्टी कापून मला उघडणार होती. पण भाच्याला घाई. त्याने माझं झाकण टर्रकन फाडलं. मावशीचा हात पुढे झाला आणि मागे गेला. भाच्याने ट्रेमधून बंबवीर सोडवला आणि मला ट्रेसकट टेबलाखालच्या रद्दीच्या पिशवीत टाकलं. माझ्या अंगावर संत्र्याच्या साली होत्या. तळातली चित्रं तशीच झाकलेली.

भाच्याचा हात मात्र सफाईदार होता. पत्रक बघत बघत त्याने दहा पायऱ्या झरझर केल्या. अकराव्या पायरीला खांदा अडला. बंबवीर ना धड यंत्रमानव, ना धड बंब, असा वाकडा उभा राहिला. लोक हसले. “नाचता येईना, अंगण वाकडं!” मागून कुणीतरी ओरडलं. भाचा लाल झाला.

“जोर करू का?” त्याने विचारलं.

“करा, करा!” सभागृह ओरडलं.

“नको,” मावशी म्हणाली. “अडलं की कारण शोधायचं. घड्याळाला करतोस का जोर?”

भाच्याने हात मागे घेतला, एवढं त्याचं नशीब. पण निवाडा त्याने देऊन टाकला. “पत्रकाप्रमाणे तंतोतंत केलं. सांधाच चुकला आहे. दोष खेळण्यात आहे.” अध्यक्षबाईंनी शिक्का शाईवर टेकवला. मी पिशवीत तळमळत होतो. ट्रे उचला, नुसता ट्रे उचला! पण पुठ्ठ्याचं कोण ऐकतं?

“खोका राहिलाय,” मावशी म्हणाली.

आता हशा जास्तच पिकला. भाचा हळूच म्हणाला, “मावशी, राहू दे ना आज.”

“दोन मिनिटं दिली होतीस ना? मग ती मी घेणार.” ती जागची हलली नाही. अध्यक्षबाईंनी शिक्का हातातच धरून मान डोलावली.

मावशीने वाकून मला पिशवीतून काढलं. साली झटकल्या. फाटलेलं झाकण अंगठ्याने सरळ केलं. तिची एक रीत होती. खोका सपाट पसरल्याशिवाय तिच्या लेखी तो तपासलाच जात नसे. पुस्तक बांधणारी बाई ती, कणा बघितल्याशिवाय कशी राहील? तिने घडी दाबायची पट्टी काढली. ट्रे अलगद उचलला. पट्टी माझ्या चिकटवलेल्या कडेखाली सरकवली आणि एकही धागा न फाडता मला उलगडलं.

मी टेबलावर उताणा पडलो. माझा तळ मोठ्या पडद्यावर भिंतभर दिसू लागला.

हसू थांबलं.

“अरे,” मावशी म्हणाली, “इथे चित्रं आहेत.” ती मोजू लागली. बोट अकरावर थांबलं. “आधी कंबर, मग खांदा. जोर नको.” तिने पत्रक ओढून शेजारी ठेवलं. “पत्रकात कंबर नाहीच. बाळा, खांदा परत जागेवर ने. आता कंबर फिरव. अर्धीच.”

भाच्याने कंबर फिरवली. ‘टक्’ असा आवाज आला. मग त्याने एका बोटाने खांद्याला नुसता स्पर्श केला आणि खांदा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

बारा. तेरा. चौदा. लोक पायऱ्या मोठ्याने मोजू लागले. सोळाला चाकं खाली आली, अठराला दारं बसली. एकोणीस म्हणताना सगळं सभागृह उभं होतं. बंबवीराची गाडी झाली आणि तिची शिडी उभी राहिली. केवढा तो टाळ्यांचा कडकडाट! “माझा खोका माळ्यावर आहे!” एक जण ओरडला. “मी टाकला हो!” दुसऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. अध्यक्षबाईंनी शिक्का खोक्यात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खोक्यात, ठेवून दिला.

भाच्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. “दोष खेळण्यात नव्हता,” तो म्हणाला. “पत्रकात होता, आणि माझ्यात. मी अर्धंच परीक्षण करून निवाडा दिला. उरलेलं अर्धं मी रद्दीत टाकलं होतं. मावशी, चुकलो.”

“झाकण फाडलंस ते आधी चिकटवून दे,” मावशी म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पडद्यावर फक्त तिचे हात दिसत होते, आणि ते मुळीच थरथरत नव्हते.

मित्रांनो, त्या दिवशी मी जगातला सगळ्यात उंच खोका होतो, आडवा पडलेला असूनसुद्धा.

पुढे कंपनीने पत्रकं बदलली. मोडलेल्या खांद्यांच्या जागी नवे खांदे पाठवले. चित्रं तळातून उचलून झाकणाच्या आत, डोळ्यांसमोर छापली. मावशीने माझ्या फाटक्या झाकणाला पातळ कापडाची पट्टी लावली, चांगल्या पुस्तकाच्या कण्याला लावतात तशी. आणि एक दिवस तिला एक चिठ्ठी आली. त्यात दोनच ओळी होत्या. ‘तळाशी कोण बघणार, असं मी विचारलं होतं. तुमचे आभार, मला उत्तर मिळालं.’ खाली नाव नव्हतं. मुंगीएवढा एक चष्मा होता. मावशीने ती चिठ्ठी माझ्या तळाला, अकराव्या चित्राशेजारी चिकटवली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा एवढंच मागणं आहे, मित्रांनो. नवं खेळणं आणलंत की खोका टर्रकन फाडू नका. तो हळूच उघडा, आतून बघा, ट्रे उचलून बघा. कुणीतरी चष्मा सावरत तुमच्यासाठी तिथे काही काढून ठेवलेलं असेल. आणि कधी काही अडलंच, तर जोर करू नका.

बरं, मला आता जरा सरकून बसायला हवं. मावशी खिडकीशी नखं कापते आहे, आणि भाचा दारातूनच ओरडतो आहे, “मावशी, चल लवकर! आधी खोका!”