कूलरच्या घरातलं लोणचं

माझ्या भावाला, उत्तमरावला, देवाने सगळं दिलं. अक्कल वाटायची वेळ आली तेव्हा मात्र देवाचा हात आखडला. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावरही बोलते. थोरली बहीण आहे. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहते, त्याचंच खाते, आणि तरी बोलते.

आम्ही माळी. फुलं आणि संत्र्यांच्या आडतीत उत्तमरावचं बस्तान बसलं तसं त्याने अकोल्यात, जठारपेठेत, सिमेंटचं घर बांधलं. भिंतींना आतून चकचकीत हिरवा ऑइलपेंट. जुन्या मातीच्या घरात पावसाळा लागला की आम्ही दारं-खिडक्या सताड उघडून खोलीखोलीत कोळशाची शेगडी फिरवायचो, ओल निघून जायची. नव्या घरात त्याने शेगडीला बंदी केली. धुराने रंग काळवंडतो म्हणे. रंग माणसांसाठी की माणसं रंगासाठी, असं मी विचारलं, तेव्हा तो दुसऱ्या खोलीत निघून गेला.

बासष्टच्या उन्हाळ्यात त्याने नागपूरहून कूलर आणला. पत्र्याची भली मोठी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि पोटात घरघरणारा पंखा. मधल्या खोलीच्या खिडकीत ते धूड बसवलं. खोटं कशाला बोलू, वैशाखात ते मलाही आवडलं. अकोल्याचं ऊन काय असतं ते अकोल्यात राहणाऱ्यालाच ठाऊक. बसवायला आलेल्या कारागिराने जाताना बजावलं होतं, की समोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर निघू द्या, आणि पाऊस लागला की यंत्र बंद करा. तो फाटकाबाहेर पडायच्या आत उत्तमराव हसला.

"खिडकी उघडी ठेवली तं माही थंडी रस्त्यावर जाईन! येड्यासारकं बोलते लेकाचा."

आणि त्याने घरातल्या एकूण एक खिडक्यांना खिळे ठोकले.

मृग बरसला, आषाढ सरला, श्रावण लागला. बाहेर पाण्याची झड, आणि घरात यंत्र सुरूच. कारण एकच. पेठेत दुसऱ्या कोणाकडे कूलर नव्हता, आणि आल्यागेल्याला तो दाखवल्याशिवाय उत्तमरावला चहा गोड लागत नसे. माझा हा शहाणा भाऊ भर श्रावणात गळ्याला मफलर गुंडाळून कूलरसमोर बसायचा, आणि शिंकत शिंकत पाहुण्यांना सांगायचा, "पाहा, कशी हवा हाये!" पाहुणेही काही कमी नव्हते. कुडकुडत माना डोलवायचे.

मग घराला बुरशी लागली. आधी उत्तमरावच्या वहाणांना पांढरी लव आली. मग काळ्या टोपीला, मग गणपतीच्या तसबिरीला. मधल्या खोलीला लागून सामानाची खोली, तिथे तर कहर झाला. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले गव्हाचे सरगुंडे हिरवे पडले, शेवयांना वास सुटला, आणि एका सकाळी भावजयीने, पार्बताबाईने, आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी उघडली तर वर बोटभर जाड बुरशीची साय.

लोणचं नासलं की आमच्याकडे लोणच्याकडे कोणी बघत नाही, सुनेकडे बघतात.

मोतीराम हा उत्तमरावचा एकुलता मुलगा. त्याची बायको मनकर्णा, भातकुलीची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कामाला वाघीण, बोलायला मोजकी, आणि मी एकटी बसलेली दिसले की काही ना काही निवडायला घेऊन माझ्याजवळ येऊन बसणारी. त्या घरात मला माणूस म्हणून मोजणारं तेवढं एक माणूस होतं.

"बाहेरची असतानी बरनीले हात लावला तिनं," पार्बताबाई म्हणाली. "लपवलं असन आपल्यापासून. नाईतर माह्या हातचं लोनचं आजलोक कधी नासलं?"

"अन उत्तमच्या वहाना?" मी विचारलं. "बाहेरची असतानी त्या घालून फिरली काय ते?"

"तुमी चूप राहा, बाई. तुमाले सून नाई, तुमाले काय समजते?"

विटाळ लपवला, घर बाटवलं, हा आळ साधा नाही. तो घेऊन पोर माहेरी गेली तर जन्मभर तिथेच बसणार, आणि तिच्या पाठच्या दोघी बहिणींनाही कोणी दारात उभं करणार नाही. पार्बताबाईने तर अंजनगाव सुर्जीची एक मुलगी मनात धरूनही ठेवली होती. मी मोतीरामला म्हटलं, काही बोल रे बाबा. तो म्हणाला, "आई म्हनते त्यात काई असनच ना." कापसाच्या बोंडालाही थोडं वजन असतं, ह्याला तेही नव्हतं.

उत्तमरावने भातकुलीला निरोप धाडला, की पोरीला घेऊन जा. त्याच रात्री मला आठवलं, आणि स्वतःच्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं.

आमच्या घरामागे पत्र्याची छपरी आहे. आंघोळीचं पाणी तापवायची चूल तिथे. रोज सकाळी ती चूल धडधडून पेटते, आणि तिन्ही बाजूंनी बांबूची जाळी असल्याने वारा खेळतो. घरातल्या बायका महिन्याचे ते चार दिवस तिथेच बसतात. लोणचं घातलं तेव्हाच मी मनकर्णाला त्यातलंच थोडं एका लहान बरणीत भरून दिलं होतं. दर वेळी वाढायला कोण धावणार? ती बरणी छपरीतल्या फळीवरच असायची. मी सकाळी जाऊन झाकण काढलं. वरचं तेल अगदी नितळ होतं, आणि फोडी करकरीत.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव आले, मनकर्णाचे वडील. वांग्या-मिरच्यांची टोपली घेऊन आले, कारण मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक. कशासाठी बोलावलं ते ऐकल्यावर ती टोपली कुठे ठेवावी हेही त्यांना सुचेना. पार्बताबाईने सुनेला मागे छपरीत बसवून ठेवलं होतं. तरी पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून पानं मांडली, आणि वाढायला मी उभी राहिले.

लोणचं मी त्या लहान बरणीतलं वाढलं. कोणाला काही सांगितलं नाही.

उत्तमरावने पहिली फोड तोंडात टाकली आणि त्याचे डोळेच चमकले. "वा! हे कोनतं? बुरसी नाई, वास नाई. बाई, हे बरनी कुठं दडवून ठेवली होती? आनखी वाढ."

मी आणखी वाढलं. त्याने बोटं चाटली. मग मी म्हटलं, "मनकर्णाचं हाये. बाहेर बसते तवा खाते ते. त्याच चार दिवसांत, आपल्याच हातानं काढते. लोनचं मोठ्या बरनीतलंच, हात तेच, अन पाह्य कसं हाये."

उत्तमरावच्या तोंडात अर्धी फोड होती. थुंकावी तर समोर व्याही बसलेले. गिळावी तर बायको बघतेय. त्याच्या गालाकडे बघत मी शांत उभी राहिले. इतकं सुख मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं. शेवटी त्याने ती गिळली. आता लोणचं बाटलेलं म्हणावं तर पोटासकट हाच बाटतो! घसा खाकरून तो म्हणाला, "तसं पाह्यलं तं इटाळ-गिटाळ काई झाला नसन. आंब्यातच खोड असन. नाईतर मिठात."

"अन कूलरमंदी नाई काय?" मी विचारलं.

"कूलरचा अन लोनच्याचा काय संबंध, बाई!"

भगवंतरावांनी ताटातलं लोणचं शेवटच्या मसाल्यापर्यंत पुसून खाल्लं, हात धुतले आणि म्हणाले, "इवाई, पोरीले नेऊ का ठेवू, हे आता तुमी सांगू नोका. आपुन तिलेच इचारू."

मनकर्णा आली. रडून डोळे सुजले होते, पण सासऱ्याशी बोलताना आवाज अगदी सरळ. "मी राहतो, मामाजी. पन हे यंत्र बंद करा, अन खिडक्याइचे खिळे काढा. हे चालू राहिलं तं बुरसी येतच राहीन, अन दर खेपेले बोट माह्याकडंच राहीन."

एवढंच मागितलं तिने. एक बटण दाबायचं होतं.

उत्तमराव कूलरकडे बघू लागला. मला वाटलं, उठेल; बाप आहे, सासरा आहे, काही तरी असेल ह्याच्यात. तो म्हणाला, "असं कसं बंद करू, पोरी? लोकं काय म्हनतीन? उत्तमरावचा कूलर सुनेनं बंद पाडला म्हनतीन."

"मंग लोकायलेच ठेवा घरात," मनकर्णा म्हणाली आणि तिने चपला पायात सरकवल्या. जाताना माझ्या पाया पडली, तेव्हा मला हुंदका आवरला नाही. मोतीराम ताटावरच बसून होता, मान खाली घालून, भाताची शितं एका जागी करत.

आळ नको, घर नको, असं म्हणून सून आपल्या पायांनी गेली, ही गोष्ट गावोगाव झाली. अंजनगावच्या मंडळींनी त्यांची मुलगी द्यायला साफ नकार दिला. तेव्हा कुठे पार्बताबाईला सुनेचे गुण आठवू लागले, आणि दिवाळी झाल्यावर तिने मोतीरामला भातकुलीला पाठवलं.

मनकर्णाने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "यंत्र बंद झालं काय?"

"झालं ना. बंद हाये."

"कोनी बंद केलं?"

ह्याला धड खोटंही बोलता येत नाही. "थंडी पडली म्हून बाबानं बंद केलं," तो म्हणाला.

"मंग थंडीपाशीच राहा," ती म्हणाली. "माह्यासाठी बंद होईन तवा या."

हे सगळं त्यानेच परत येऊन सांगितलं, जणू तिचंच काही चुकलं. संध्याकाळच्या गाडीने एकटा आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. "आत्या, वाढ ना," म्हणाला.

मी जागची हलले नाही. म्हटलं, "तुले दोन हात हायेत. तिले थांबवाले ते उठले नाईत, भाकरीसाठी तरी उठव."