गाऱ्हाण्यात बसलेलं इंजिन

मी गोव्यातल्या मुळगावच्या विनोदिनीची लॉरी बोलतेय. म्हातारी म्हणा, मला राग नाही. पण कुणी कौतुकाने ‘विंटेज’ म्हणालं की माझं टाळकं फिरतं. विंटेज म्हणजे बघायची वस्तू. मी बघायची नाही, मी वाहायची आहे.

कारखान्यात माझा जन्म अर्धाच झाला. तिथून निघाले ती नुसती हाडं: चासी, चाकं, लांब नाक आणि नाकात इंजिन. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून मला सावंतवाडीपर्यंत घेऊन आला. तिथल्या सुतारांनी मला अंग दिलं. सागवानी केबिन, तिला दोन जनेलं, म्हणजे खिडक्या, मागे हौदा. रंगाऱ्याने दारावर मोर काढला. तो बदकासारखा दिसायला लागला. माझा मालक बाबुराव म्हणाला, “आसूं दे. पाण्यात पडली तर पवात तरी.”

बाबुराव दोडामार्गाकडून लोखंडाच्या खाणीवर कामाला आलेला आणि मुळगावातच राहिलेला. त्याने माझ्यातून इतका माल नदीच्या धक्क्यावर ओतला की माझा मूळ रंग कोणता हे मीच विसरले. सगळं अंग तांबडं. आम्ही खाणीवरचे सगळेच तसे, माणसं काय, गाड्या काय, कुत्री काय.

मग बाबुरावच्या मुलाचं, कृष्णनाथचं, लग्न झालं आणि विनोदिनी आली. शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र डिचोलीपर्यंत. नव्या सुनेने आधी देवघर बघायचं असतं. ही बाई अंगणात थांबली, माझ्या दारावरून बोट फिरवलं, तांबडं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, “हिका कोण न्हाणयत नाय?” मी तेव्हाच ओळखलं, आपलं माणूस आलं.

पुढे कृष्णनाथचा पाय मोडला. घरात चूल पेटायची होती. सासऱ्याने सुनेला मोकळ्या माळावर नेऊन माझं स्टिअरिंग हातात दिलं. पहिल्या दिवशी तिने कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं कुंपण पाडलं, आणि तिसऱ्या दिवसापासून शेजारीच बाजूला व्हायला शिकले. खाणीवर एकजण हसला, “बायलमनीस लॉरी चालयता!” तिने जनेलातून डोकं बाहेर काढलं. “बाजूक हो बाबा. ना तर तुझ्यावरून चालवून दाखयतंय.” तो झाला बाजूला.

खाणी बंद पडल्या तेव्हा मी परसातल्या फणसाखाली उभी राहिले ती राहिलेच. चाकांतली हवा गेली. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली, त्या काळात माझ्याकडून घराला तेवढीच मिळकत. इंजिन गंजून आतून जाम झालं म्हणून उपटून भंगारात घातलं. रिकाम्या नाकात मांजर व्याली. एके काळी माझ्या नाकात घोडे होते, आता मांजराची पिल्लं. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

बाबुराव गेला. विनोदिनीने शेत धरलं. पाऊस सरला की वायंगणात, म्हणजे हिवाळी शेतात, अळसांदे (आमची चवळी), मिरची, भेंडी. पिकवायला ती खंबीर होती. अडायचं ते बाजाराला जाताना. दुसऱ्याचा टेंपो आज येतो, उद्या येतो, तोवर भेंडीची लाकडं झालेली. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून ती वाट बघत उभी राहायची, आणि मी फणसाखालून तिला बघत उभी. दोघींचंही तोंड कडू.

अशात पेडण्याच्या किनाऱ्यावरून संदीप नावाचा हॉटेलवाला आला. काळा चष्मा, पांढरे बूट. माझ्याभोवती फिरला, बदकासारख्या मोराचे फोटो काढले आणि म्हणाला, “चाकं काढतो, पोट कापतो, आत बर्फाची पेटी ठेवतो. वाळूत उभी केली की लोक हिच्यातून सरबत पितील.”

कृष्णनाथने मान डोलावली आणि शब्दही देऊन टाकला. येत्या आयतवारी क्रेन आणा म्हणाला. तो वाईट माणूस नाही हो. पण कुणी समोर उभं राहून चांगलं बोललं की त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

विनोदिनी शेतातून आली. डोक्यावरची टोपली खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिली.

“जित्या गाडयेचा पोट कापूक मी दिवचंय नाय.”

“जिती खंय गे?” कृष्णनाथ म्हणाला. “तिच्या नाकात इंजिन नाय, मांजर आसा.”

“इंजिन मी घालतंय.”

“आणि मी शब्द दिलंय तेचा काय?”

“आयतवारी क्रेनाची साखळी लागाच्या आधी ही आपल्या पायांनी रस्त्यार गेली तर ती माझी. ना गेली तर न्हेवन घाला वाळयेत. झाला?”

परसातून रस्त्यावर जायला खडी चढण आहे. चांगल्या गाड्याही तिथे खोकतात. कृष्णनाथ हसला. “झाला,” म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी अपघातातल्या एका टेंपोचं इंजिन आलं. टेंपोचं तोंड चेपलेलं, इंजिन ठणठणीत. इंजिन बदलायची परवानगी बाईने आधीच काढून ठेवलेली होती. म्हणजे हे तिच्या मनात कधीपासून शिजत होतं बघा, आणि मला बिचारीला पत्ता नाही!

सर्वणहून जयराम मेस्त्री आला. वेल्डिंगवाला, बारीक, बडबड्या. मांजराला पिल्लांसकट हौद्यात हलवून, माझ्या नाकात डोकं घालून म्हणाला, “वैनी, ह्या इंजिनाचे पाय आखूड. जुन्या भोकांवर टेकाचे नाय. नवे पाय करूक होये.”

नवे पाय म्हणजे काय ते सांगते. इंजिन चासीवर नुसतं ठेवत नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी ब्रॅकेट लागतात, ब्रॅकेट आणि चासीच्या मध्ये जाड रबर, आणि त्या सगळ्यातून आरपार बोल्ट. ब्रॅकेट बोटभर इकडचं तिकडे झालं तर पंखा रेडिएटरला खातो, नाहीतर मागचा शाफ्ट वाकडा ओढतो.

जयरामने फणसाच्या फांदीला चेनपुली टांगली आणि इंजिन माझ्या नाकात लोंबकळत सोडलं. अहा! गुदगुल्या म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चार बोटं पुढे, दोन बोटं मागे, जरा वर, जरा खाली. विनोदिनीने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ब्रॅकेटचा साचा केला. इंजिनावर पाण्याची बाटली आडवी ठेवून दोघांनी लेव्हल बघितली. बाटलीतलं पाणी एका बाजूला पळालं. इंजिन त्या बाजूने उचललं, बाटली सरळ झाली, दोघं खूश. ब्रॅकेट कापून झाली, आणि मग कृष्णनाथ शेण टाकायला आला आणि म्हणाला, “इंजिन वाकडा दिसता.”

वाकडं इंजिन नव्हतं. वाकडी मी होते. माझं उजवं चाक चिखलात रुतलेलं होतं, आणि दोघांनी मापं घेतली ती तशीच. जयरामने कपाळावर हात मारला. विनोदिनीने आधी चाकाला शिवी दिली, मग जयरामला, आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमका दिसला ह्या बरा झाला. आता सांगितलात तसे जॅकही लावा.” चाकाखाली चिरा सारला, चारी चाकांत हवा भरली, मी सरळ झाले, आणि ब्रॅकेट पुन्हा पहिल्यापासून.

“रबर कित्याक?” कृष्णनाथने जॅक फिरवता फिरवता विचारलं. “सरळ वेल्डिंग मारून टाक. घट्ट रवात.”

“घट्ट बांधलेला इंजिन चासी फोडता, भाऊ. तेका थोडा हलाक व्हया,” जयराम म्हणाला.

विनोदिनी म्हणाली, “लग्नात तुमका मीय रबरावरच बसयलंय. म्हणून टिकलास.” मांजरसुद्धा हसली असेल.

आयतवार उजाडला. इंजिन चारी रबरांवर बसलं होतं, बोल्ट आत गेले होते, पण नट आवळायचे बाकी. जयरामचं म्हणणं, इंजिनाचा सगळा भार रबरावर नीट बसू दे, मग आवळू. तेवढ्यात विठूकाका नारळ घेऊन आला. विठूकाका गावातला जुना जाणता. त्याच्या गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेल्या साकड्याशिवाय, मुळगावात कुणी नवी विळीसुद्धा वापरत नाही. शेवटचे नट गाऱ्हाणं झाल्यावर, असं ठरलं. विठूकाकाने माझ्या नाकासमोर नारळ धरून सुरू केलं, आणि जमलेले शेजारी हात जोडून ‘व्हय’ देऊ लागले.

“बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या राखणदारा...”

“व्हय म्हाराजा!”

आणि चढणीवरून क्रेन खाली उतरली. वर संदीप, चालवायला सगुण. सगुण सिंधुदुर्गातला. त्याने परसात नारळ आणि जोडलेले हात बघितले, इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला. संदीप कुजबुजला, “अरे, साखळी लाव.”

“गाऱ्हाणा चल्लाहा, साहेब. मधी कोण बोलणत नाय.”

संदीप पेडण्याचा. त्यालाही हे ठाऊक होतं. त्याने काळा चष्मा काढला आणि हात जोडले.

विनोदिनीच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते त्याआधी एकदाच, खाणीवर ‘बाजूक हो’ म्हणताना बघितलं होतं. ती विठूकाकाच्या कानाशी गेली. “काका, लांबवा.” आणि पायाने जयरामला माझ्याखाली ढकललं.

मग काय विचारता! विठूकाकाने आधी गावचे देव घेतले, मग सर्वणचे, कारापूरचे, मग वाटेतले. फणसाला गाऱ्हाणं, कोंबड्यांना गाऱ्हाणं. खालून पान्ह्याचा खणखणाट, वर “व्हय म्हाराजा!” नट आवळला की जयराम कण्हायचा आणि लोक त्याहून मोठ्याने ‘व्हय’ ओरडायचे. सगुणचा आवाज सगळ्यांच्या वर.

“जो कोण ह्या गाडयेक कापूक येयत, तेका चांगली बुद्धी दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगुण जोरात म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर संदीपकडे बघायला लागला. संदीपच्या तोंडूनही निघून गेलं होतं.

एकच नट राहिला. जयरामने खालून हात बाहेर काढला, “कृष्णनाथभाऊ, नट!”

नट कृष्णनाथकडे होता. जोडलेल्या दोन तळहातांच्या मधे. गाऱ्हाणं सुरू झालं तेव्हा तो घरंगळलेला नट उचलायला वाकला होता, आणि नट घेऊन तसाच हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाण्यात जोडलेले हात सोडत नाहीत.

“नट द्या हो!” विनोदिनी दात आवळून म्हणाली.

कृष्णनाथ हलेना. एका बाजूला संदीप, ज्याला शब्द दिला. दुसरीकडे बायको. माझ्या नाकातलं रबर दाबलं जात होतं, विठूकाकाचे देव संपत आले होते, आता तो आंब्यांची नावं घेत होता. माझा श्वास अडकला. लॉरीला श्वास नसतो म्हणता? मग काय अडकलं ते तुम्हीच सांगा.

कृष्णनाथने संदीपकडे बघितलं. मग विनोदिनीकडे. तिच्या हातावर बाजाराच्या टोपल्यांचे वळ होते. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने कुणाच्या तरी तोंडावर ‘नाही’ म्हटलं, आणि तेही तोंडाने नव्हे. डोळे मिटले, तळहात उघडले आणि नट खाली टाकला.

“...तशी बरी कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळ्यांत मोठा आवाज कृष्णनाथचा.

खाली पान्हा शेवटचा वाजला, जयराम सरपटत बाहेर आला आणि नारळ फुटला. विनोदिनी पदर खोचून आत चढली. किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. मग माझ्या नाकात ते टेंपोचं पोर जागं झालं! रबरावर डुललं, थरथरलं, पण बोल्टांनी धरून ठेवलं. कोंबड्या उडाल्या, पिल्लं पळाली, फणसाची पानं हलली. मला ओरडायचं होतं, म्हणून मी हॉर्न वाजवला. बाईचा हात हॉर्नवरच होता म्हणा.

“बसतास की रवतास?” तिने नवऱ्याला विचारलं. तो धावत येऊन बसला.

चढण खडी ती खडीच. अर्ध्यावर मी मागे सरकले, आणि पाठीला काहीतरी टेकलं. सगुण! सगुण आणि विठूकाका. विनोदिनी जनेलातून ओरडली, “हात काढा! ती आपल्या पायांनी जाताली, सांगितलंय मी!” त्यांनी हात काढले. तिने गिअर बदलला, मला म्हणाली, “चल गे,” आणि मी गेले. धूर सोडत, बदकासारखा मोर थरथरत, नव्या पायांवर, रस्त्यावर!

संदीपने स्वतःच गाऱ्हाण्यात ‘व्हय’ म्हटलेलं, म्हणून क्रेन रिकामी परत गेली. जाताना संदीपने अळसांद्याची जुडी नेली, फुकट नव्हे. विनोदिनी फुकट काही देत नाही.

आता मी आठवड्याच्या बाजाराला डिचोलीला जाते. हौद्यात भेंडी, मिरची, कधी शेजारणींच्या टोपल्याही, कारण त्यांच्याही भेंडीची लाकडं व्हायची. जयराम म्हणतो, रबर अधूनमधून बघत जा, नट सैल होतात. कृष्णनाथ रोज सकाळी वाकून बघतो.

तुमच्याही परसात, पडवीत एखादं जुनं काही उभं असेल. त्याचे फोटो काढत बसू नका. त्याला काम द्या. आणि डिचोलीच्या वाटेवर मी मागून आले तर बाजूला व्हा. चढणीवर मी कुणासाठी थांबत नाही.